लोंबत्या पेटुनियाचं बी : ला प्लाताच्या काठापासून डहाणूच्या ओट्यापर्यंत

पेटुनियाच्या एक ग्रॅम बियांत साधारण १० हजार दाणे असतात. चिमटीत घेतलं तर मोजता येत नाही आणि फुंकर बसली तर शोधता येत नाही. आज आपण या बियांचा इतिहास पाहणार आहोत. इतिहासाच्या व्याख्यानमालेत फुलझाडाचं काय काम, असं काहींना वाटेल. पण हे बी कोणी गोळा केलं, कोणी विकलं, कोणाच्या बोटांनी तयार झालं आणि आज ते आपल्याला दरवर्षी नव्यानं विकत का घ्यावं लागतं, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. डहाणू-तलासरीत ते विचारायला विशेष अर्थ आहे, कारण बी आणि मजुरी या दोन गोष्टींवरच या भागाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

आपण बोलणार आहोत ते लोंबत्या पेटुनियाबद्दल. टांगत्या कुंडीतून दोन-तीन फूट खाली येते, ओट्याच्या कठड्यावरून सांडते, जांभळी, गुलाबी, पांढरी. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या बंगल्यांत, बोर्डी-घोलवडच्या घरगुती मुक्कामांच्या अंगणात आणि महामार्गावर तलासरीकडे जाताना लागणाऱ्या हॉटेलांच्या दारात हिवाळ्यात ती दिसते. बहुतेक जण तयार रोप आणतात. बी पेरून वाढवणारे थोडे, आणि त्यातले निम्मे पहिल्याच खेपेला हात टेकतात. ते का, तेही पाहू. पण क्रमानं.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग, म्हणजे ला प्लाता नदीच्या आसपासचा मुलूख. नावही तिकडचंच. तुपी-ग्वारानी भाषांत तंबाखूला जो शब्द होता त्याचं फ्रेंचांनी 'पेतुन' केलं, आणि त्यावरून पेटुनिया. नाव तंबाखूचं का? तर ही तंबाखूची बहीण आहे. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची, आपल्याकडचा धोतरा, सगळे एकाच घरातले. वाणगावकडच्या मिरचीवाल्याला पेटुनियाचं रोप दाखवा. चिकट, लव असलेलं पान पाहून तो म्हणेल, ही आपल्यातलीच दिसते. आणि तो बरोबर असेल.

१७६७ मध्ये फिलिबेर कोमर्सां हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बूगँव्हिलच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेत होता. माँतेव्हिदेओजवळ त्यानं पांढऱ्या फुलांचं एक झाड गोळा केलं. ती पांढरी पेटुनिया. याच मोहिमेत ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांना एक काटेरी वेल मिळाली आणि तिला मोहिमेच्या प्रमुखाचं नाव मिळालं. तीच आपली बोगनवेल. डहाणूच्या कुंपणावरची बोगनवेल आणि ओट्यावरची पेटुनिया एकाच गलबतातून शास्त्राच्या दप्तरात शिरल्या, हे आम्हाला फार गमतीचं वाटतं. कोमर्सांबरोबर त्याचा मदतनीस म्हणून जो 'पुरुष' ओझी वाहत होता तो खरं तर जान बारे नावाची बाई होती. बायकांना जहाजावर बंदी होती म्हणून वेष बदलून ती गेली, आणि जगाला वळसा घालणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. फुलांच्या इतिहासात नाव एकाचं आणि ओझं दुसऱ्याचं, हा प्रकार इथूनच सुरू होतो. पुढे तो पुन्हा भेटेल.

१७९३ मध्ये लामार्कनं या पांढऱ्या झाडाला तंबाखूच्याच प्रजातीत घातलं. १८०३ मध्ये जुस्यूनं तिला स्वतंत्र घर दिलं, नाव दिलं पेटुनिया. तरीही बागेच्या दृष्टीनं ते फार काही नव्हतं. उंच, सडपातळ, पांढरी फुलं. दिवसा निमूट, रात्री सुवास. रात्री, कारण तिचा परागकण वाहणारा रात्रीचा, लांब सोंडेचा पतंग.

लोंबण्याचा गुण दुसऱ्या बहिणीकडून आला. जेम्स ट्वीडी नावाचा स्कॉटिश माळी, एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात काम केलेला, पन्नाशीच्या आसपास घरदार उचलून ब्यूनोस आयर्सला गेला. त्यानं पाठवलेली जांभळी पेटुनिया १८३१ मध्ये ग्लासगोच्या उद्यानात फुलली. ही जमिनीवर पसरणारी, फुलं लहान, पराग नेणाऱ्या मधमाश्या. पांढरी आणि जांभळी शेजारी आल्या, आणि १८३० च्या दशकातच युरोपातल्या माळ्यांनी त्यांचा संकर केला. आज आपण जिला बागेतली पेटुनिया म्हणतो ती या दोघींची लेक. रानात ही लेक कुठेच नाही.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ती साहेबाच्या पाठीवर बसून हिंदुस्थानात आली. इंग्रजांना थंडीच्या दिवसांत विलायतेतल्यासारखी फुलांची वाफं हवी होती, आणि आपल्याकडचा हिवाळा म्हणजे त्यांचा उन्हाळा. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात विलायती बी पेरायचं आणि नाताळला फुलं पाहायची, असं कॅलेंडर बसलं. फर्मिंजर या पाद्र्यानं बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानासाठी बागकामाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. आपल्याकडे पुण्यात गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाची जबाबदारी असलेल्या जी. मार्शल वुड्रो यांनी तसंच पुस्तक लिहिलं. पुण्यात १८८४ पासून पेस्तनजी पोचा यांची बियांची पेढी आहे. भायखळ्याची राणीची बाग, पुण्याची एम्प्रेस गार्डन आणि तिथली पुष्पप्रदर्शनं, या सगळ्यांतून विलायती मोसमी फुलं आधी कलेक्टरच्या बंगल्यात, मग पारशी सेठच्या बागेत, मग रेल्वेच्या स्टेशनमास्तरच्या फलाटावरच्या कुंड्यांत अशी खाली उतरत आली. त्या काळी आपण बी विकत घ्यायचो ते विलायतेतून बोटीनं आलेलं, आणि दमट हवेत त्याची उगवण किती होईल हा जुगारच असे. म्हणून माळी लोक स्वतःच्या झाडाचं बी धरून ठेवायचे. रंग मिसळायचे, फूल लहान व्हायचं, पण झाड इथल्या हवेला सरावायचं.

आता डहाणूकडे येऊ, कारण त्याच सुमारास इथे एक मोठा प्रयोग चालू होता. १८९८ साली घोलवडला चिकू लागला असं सांगतात. चिकूही परदेशीच, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. इराणी आणि पारशी वाडीवाल्यांनी त्याच्या वाड्या उभ्या केल्या, आणि आज डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. पण चिकूच्या इतिहासातली आपल्या कामाची गोष्ट वेगळी. चिकू बियांपासून लावला तर आईसारखा येत नाही. कोणता गोड निघेल, कोणता रेवाळ, सांगता येत नाही. शिवाय फळाला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. म्हणून रायणीच्या खुंटावर कालीपत्तीचं कलम बांधायचं. डहाणूतल्या कुठल्याही जुन्या माळ्याला विचारा, 'बी की कलम?' हा प्रश्न त्याला शिकवावा लागत नाही. 'बी म्हणजे नशीब, कलम म्हणजे खात्री,' हे त्याच्या हातात असतं. पेटुनियाचा पुढचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. फक्त तिथे बियालाच कलमासारखी खात्री द्यायची असं माणसानं ठरवलं.

आणि इथेच वारल्यांच्या बियाची आठवण ठेवायला हवी. भात, नाचणी, वरी, उडीद, वाल यांचं बी घरचं. पीक उभं असतानाच चांगली कणसं निवडून बाजूला काढायची, पुढच्या पावसाळ्यात राब भाजलेल्या जागेत पेरायची. कणसरी ही धान्याची देवी. बी हे तिचं. पण त्याच वारल्याला जमीनदाराच्या वाडीत वेठ करावी लागत होती, आणि लग्नासाठी कर्ज घेतलं की तो 'लग्नगडी' म्हणून आयुष्यभर बांधला जात होता. १९४५ मध्ये तलासरी भागात झरीला वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर उभे राहिले, वेठ बंद झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि इतर वारली मारले गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. फुलांच्या व्याख्यानात हे का, तर बाग कोणाच्या हातांवर उभी असते हे या मुलुखात विसरून चालत नाही.

आता जपानला जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेटुनियात दुहेरी, गेंदेदार फूल सगळ्यांना हवं होतं, पण ते बियांतून भरवशानं येत नव्हतं. दुहेरी फुलात स्त्रीकेसर धड नसतो, म्हणून त्याच्यावर बी धरत नाही. फक्त पराग मिळतो. तो पराग एकेरी झाडावर वापरला की पिढीतली निम्मीअर्धीच दुहेरी निघत. योकोहामाच्या साकाता कंपनीनं शंभर टक्के दुहेरी येणारं बी तयार केलं आणि १९३४ मध्ये त्याला ऑल अमेरिका सिलेक्शन्सचं पारितोषिक मिळालं. ते बी वजनाला सोन्याहून महाग विकलं जाई, असं म्हणत. एका अर्थानं ते बरोबरच होतं. त्या कंपनीनं फुलापेक्षा मोठी गोष्ट विकली होती, ती म्हणजे खात्री.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत चार्ल्स वेडल यांनी एकेरी पेटुनियाच्या पहिल्या पिढीच्या संकरित जाती बाजारात आणल्या. लाल रंगाची 'कोमांची' १९५३ ची. पहिल्या पिढीचा संकर म्हणजे काय, ते डहाणूच्या शेतकऱ्याला समजावायला नको. पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची लावणारा दरवर्षी पाकीट आणतो. दोन शुद्ध केलेल्या आईबापांचा संकर करायचा. पहिली पिढी जोमदार आणि सगळी एकसारखी. पण तिचं बी धरलं की दुसऱ्या पिढीत आजी-आजोबा बाहेर पडतात. कोणी उंच, कोणी ठेंगू, रंग विस्कटलेले. म्हणजे कायद्यानं कुलूप न लावताही बियाला निसर्गाचंच कुलूप लागलं. माळ्याची स्वतःचं बी धरण्याची सवय इथे संपली. मनाई कुणी केली नव्हती, पण धरण्यात अर्थ राहिला नाही.

हे बी तयार कसं होतं पाहा. आई-झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं उघडायची. आतले पाच पुंकेसर परागकोश फुटायच्या आत काढून टाकायचे. मग बाप-झाडाचा पराग स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचा. महिन्याभरानं बोंड पिकतं. ते फुटायच्या आत तोडायचं, नाहीतर बी सांडतं. प्रत्येक फुलाला हे, आणि एका बोंडात काही शेकडा दाणे. यंत्रानं हे होत नाही. अमेरिकेत मजुरी वाढली तसं हे काम जिथे बोटं स्वस्त तिथे सरकलं. मध्य अमेरिकेत गेलं, आफ्रिकेत गेलं आणि भारतातही आलं.

भारतातली ही गोष्ट बंगळुरूची. १९६५ मध्ये डॉ. मनमोहन अत्तावर यांनी इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्स सुरू केली, आणि सुरुवातीचं काम होतं निर्यातीसाठी संकरित पेटुनियाचं बी. टोमॅटो, ढोबळी मिरचीच्या संकरित जाती त्यांनी भारतीय शेतकऱ्याला नंतर दिल्या. लक्षात घ्या, भारतातल्या संकरित भाजीपाल्याच्या मोठ्या धंद्याची एक पायरी शोभेच्या फुलाची होती. १९६४ मध्ये जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली तीही याच काळात. पण तिची सुरुवात अन्नाच्या पिकांपासून. एका ठिकाणी आपलं शेत समोर होतं, दुसऱ्या ठिकाणी शिकागोच्या बाईची बाल्कनी. दोन्हीकडे चिमटा धरणारे हात मात्र आपल्याच गावच्या बायकांचे. फुलांच्या बियाच्या पाकिटावर जगभर कंपनीचं नाव असतं, जातीचं असतं, रंगाचं चित्र असतं. जान बारेचं नाव जसं कोमर्सांच्या नावामागे झाकलं गेलं, तसं त्या हातांचंही.

आता लोंबती. इतकी वर्षं सगळ्यांना बुटकी, मोठ्या फुलाची, वाफ्यात ताठ उभी राहणारी पेटुनिया हवी होती. ट्वीडीच्या जांभळीचा पसरण्याचा गुण संकरकारांनी जवळजवळ काढून टाकला होता. १९८९ मध्ये सनटोरीनं 'सर्फिनिया' बाजारात आणली आणि पारडं फिरलं. सनटोरी म्हणजे जपानची व्हिस्की आणि बिअर बनवणारी कंपनी. रानटी पसरत्या पेटुनियाचं रक्त पुन्हा आणलं, आणि कुंडीतून धबधबा वाहू लागला. पण सर्फिनिया बियांची नव्हती. ती कलमाची, म्हणजे छाटाची. छाट लावायला जाणकार लागत नाही, कुणीही लावेल. म्हणून तिला कायद्याचं कुलूप घातलं. रोपाच्या खुणेवर लिहिलेलं असे, पुनर्लागवडीस मनाई. घोलवडच्या वाडीवाल्याला कलम म्हणजे शेजाऱ्याला द्यायची गोष्ट. इथे छाट दिलं तर गुन्हा. मग दुसरी मद्य-कंपनी, किरीन ब्रुअरी, हिनं बियांतून येणारी लोंबती पेटुनिया तयार केली. 'पर्पल वेव्ह' या नावानं ती १९९५ मध्ये पारितोषिक घेऊन जगभर गेली. दोन्ही बिअरवाले फुलात का शिरले, याचं उत्तर सोपं आहे. यीस्ट सांभाळणाऱ्या, आंबवण्याच्या कारखान्यात पेशी वाढवणारी प्रयोगशाळा तयारच असते. आपल्याकडे ताडी काढणाऱ्यानं मोगऱ्याची जात काढली असती तर तेवढंच नवल वाटलं असतं.

'पर्पल वेव्ह'नं बी पेरणाऱ्या साध्या माणसाला लोंबती पेटुनिया परत दिली. १९८८ च्या बियाणे धोरणानं फुलांच्या आणि भाज्यांच्या बियांची आयात भारतात मोकळी केली होती, त्यामुळे ती आपल्याकडेही आली. आणि इथे डहाणूची गोष्ट सुरू होते, कारण ही जात इथे आली ती वेगळ्या अक्षांशाची सवय घेऊन.

पेटुनिया मोठ्या दिवसांत लवकर फुलते. ताठ जातींना त्याचं फारसं वाटत नाही, पण सुरुवातीच्या लोंबत्या जातींना साधारण १३ तासांचा दिवस मिळाला तर त्या झटपट कळ्या धरतात. शिकागोला मे-जूनमध्ये दिवस १५ तासांचा. डहाणू २० अंश उत्तरेला. डिसेंबरात आपला दिवस जेमतेम ११ तासांचा, आणि १३ तास होतो तो मेच्या मध्याच्या सुमारास, म्हणजे उकाडा शिगेला पोचतो आणि पाऊस दारात असतो तेव्हा. म्हणून पाकिटावर 'इतक्या आठवड्यांत फूल' असं लिहिलेलं असतं त्यावर विसंबून ऑक्टोबरात पेरलेली लोंबती डिसेंबरभर नुसतीच हिरवी पसरत राहते. लोकांना वाटतं बी खोटं निघालं. बी खोटं नाही. ते ज्या आकाशासाठी घडवलं ते आकाश इथलं नाही. पुढे 'ईझी वेव्ह' वगैरे जाती आल्या त्या मुद्दाम लहान दिवसांतही कळ्या धराव्यात म्हणून. आपल्या भागात बी घेताना आम्ही तेवढं एकच पाहायला सांगतो. जुनीच जात हाती आली असेल तर रात्री १० ते २ एक साधा एलईडी दिवा रोपांवर लावावा. झाडाला रात्र तुटल्यासारखी वाटते आणि ते दिवस मोठा समजतं. अर्थात पाड्यावर रात्री वीज राहिली तर. डहाणूच्या औष्णिक केंद्राची ५०० मेगावॅट वीज मुंबईच्या उपनगरांना जाते, आणि डहाणूतला माळी पेटुनियाला रात्र मोडून दाखवायला दिवा लागेल का याची वाट बघतो, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बी पेरण्याची रीत सांगितल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही, हे माहीत आहे. कोकोपीट भरलेल्या प्रो-ट्रेमध्ये पेरा. बी झाकायचं नाही. मातीखाली गेलं की संपलं, कारण पेटुनियाच्या बियाला उगवायला उजेड लागतो. पाणी वरून ओतू नका, ट्रे पाण्यात ठेवून खालून चढू द्या. २४-२५ अंश तापमानात आठवड्या-दहा दिवसांत उगवतं; ऑक्टोबरात आपल्याकडे दुपार त्याहून तापते, म्हणून सावली द्या. वरून प्लास्टिक घातलं असेल तर उगवताच काढा. दमट किनाऱ्यावर पहिलं संकट मर रोगाचं. रोप मुळापाशी बारीक होऊन आडवं पडतं. हवा खेळती ठेवणं हाच खरा उपाय. हल्ली गोळी केलेलं बी मिळतं, मातीचा लेप दिलेलं. ते पेरायला सोपं, पण लेप पूर्ण भिजून विरघळला नाही तर आतला दाणा कोरडाच राहतो, एवढं ध्यानात ठेवा.

समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ. त्या पाण्यावर पेटुनियाची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडाला लोह मिळत नाही. कुंडीत लोह असतं, पण मातीचा सामू चढल्यानं ते अडकून बसतं. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर ते वापरा, नाहीतर चिलेटेड लोह पानावर फवारा. रोप चार-पाच इंचाचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. अजून एक. बिडी ओढून त्याच हातांनी रोपं हाताळू नका. तंबाखूच्या पानातला केवडा रोग पेटुनियाला होतो. शेवटी बहीणच ती. साबणानं हात धुऊन मगच लावा.

आता या फुलानं विज्ञानात जे केलं तेही थोडं सांगू. १९९० मध्ये जांभळी पेटुनिया अधिक गडद करण्यासाठी रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर काही फुलं पांढरीच आली. जनुकं एकमेकांना गप्प करतात, या शोधाची ती एक सुरुवात. पुढे आरएनए इंटरफिअरन्ससाठी २००६ चं नोबेल फायर आणि मेलो यांना मिळालं ते कृमीवरच्या कामासाठी, पण पांढऱ्या पेटुनियाचा उल्लेख त्या कथेत येतोच. दुसरी घटना गमतीची. १९८० च्या दशकात जर्मनीत मक्याचं जनुक घालून नारिंगी पेटुनिया केली गेली. ती बाजारात आणायची परवानगी नव्हती. मग २०१५ मध्ये हेलसिंकीच्या रेल्वे स्टेशनबाहेरच्या कुंड्यांत नारिंगी पेटुनिया दिसली आणि तेमू तेरी या शास्त्रज्ञाला शंका आली. २०१७ मध्ये युरोप आणि अमेरिकेत नारिंगी पेटुनियाच्या कुंड्यांचे ढीगच्या ढीग नष्ट करावे लागले. कोणत्या संकरातून ते जनुक बाजारात पोचलं आणि किती वर्षं फिरत होतं, हे तेव्हा स्पष्ट नव्हतं. बी कुठून आलं हे पाकीट सांगत नाही, हाच त्यातला मुद्दा.

मग आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? २००१ चा वनस्पतींच्या जातींचं संरक्षण आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क देतो. फक्त संरक्षित जातीचं बी तिच्या ब्रँडखाली विकता येत नाही. हा हक्क इतक्या स्पष्ट शब्दांत फार थोड्या देशांत आहे. पण त्याचा प्रत्यक्ष उपयोग किती, हे बियाच्या प्रकारावर ठरतं. कणसरीच्या नाचणीत हा हक्क पुरेपूर वापरता येतो, संकरित पेटुनियात तो हातात राहूनही रिकामा राहतो. कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कृषी संस्थेनं आणि तिथल्या कृषी विज्ञान केंद्रानं वाडी आणि कलमाचं काम पाड्यापाड्यांत नेलं; त्याच टेकडीवर १९५७ नंतर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या शाळेत आदिवासी मुलं बिया, पानं, शंख-शिंपले हाताळत मोजायला शिकली. विक्रमगड, जव्हारकडे मोगरा आला तो छाटांवर. त्याला पाकीट लागत नाही, म्हणून तो गावात टिकतो. दादरच्या फूल मंडईत मोगऱ्याच्या कळ्या किलोनं जातात. पेटुनिया तिथे जात नाही, ती कुंडीसकट, रोप म्हणून विकली जाते.

इथे आमचं मत सांगतो, पटलं तर घ्या. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि कारखान्यांना आवर बसला, तेव्हापासून वाडी आणि रोपवाटिका हाच इथला खरा धंदा उरला आहे. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे कुंडीतलं रोप दोन-अडीच तासांत मुंबईत जाऊ शकतं. त्या रोपाच्या किमतीत बियाचाही वाटा असतो, आणि तो दरवर्षी बाहेर जातो. म्हणून तलासरी-डहाणूच्या रोपवाटिकांनी निदान एक ओळ स्वतःच्या बियाची करून पाहावी असं आम्हाला वाटतं. एखादी जुनी, खुल्या परागाची, लहान फुलाची पेटुनिया घ्यायची. मोठ्या फुलाची जात आणि पाऊस यांचं जमत नाही, पाकळी लगेच कुजते. लहान फूल तग धरतं. त्यातल्या लोंबत्या आणि डिसेंबरच्या ११ तासांच्या दिवसात आधी फुलणाऱ्या झाडांचंच बी धरायचं, बाकीची उपटून टाकायची. असं पाच-सहा वर्षं केलं की या आकाशाची पेटुनिया तयार होईल. संकरिताची एकसारखी शिस्त तिला येणार नाही. पण बंगळुरूतल्या बाईच्या चिमट्याचं काम इथे मधमाश्या करतील.

यासाठी कागद मात्र ठेवावा लागतो. कुंडीला नंबर, पेरल्याची तारीख, पहिली कळी उमलल्याची तारीख. आमच्या एका वहीत गेल्या खेपेच्या नोंदी आहेत. ४० झाडांपैकी नाताळच्या आत फुललेली ७, संक्रांतीपर्यंत २२, उरलेली फेब्रुवारीत. त्या ७ झाडांची बोंडं तपकिरी झाली की फुटायच्या आत, दुपारी ऊन असताना, कागदाच्या पुडीत तोडायची. पुडी तांदळाच्या डब्यात ठेवायची, म्हणजे ओल लागत नाही. पुढच्या ऑक्टोबरात पहिली पेरणी त्यातूनच करायची.